माठाखालच्या विटा

पानबाईंनी माठाशेजारच्या कुंडीतल्या नेच्याचं पान उलटं केलं आणि पदर तोंडाशी धरला.

"बींदणी, अंडी घातलीत कुणीतरी. बघ, रांगेनं."

धनकुंवर वाकली. पानाच्या पाठीवर, काठाकाठानं, तपकिरी ठिपके. कुणी बसून टाचल्यासारखे.

"अंडी नाहीत, सासूजी. नेच्याला फूल नाही, फळ नाही. या ठिपक्यांतली धूळ हेच त्याचं बी."

"आलं, कॉलेजचं एक वरीस आलं बोलायला! पिलं निघतील, माठात पडतील, मरतील. पाप कुणाच्या माथी? मारू नको म्हणते मी. गच्चीवर नेऊन ठेव."

जळगावच्या गच्चीवर नेचा! धनकुंवर कुंडीला हात लावून बसून राहिली. यावलला, माहेरच्या विहिरीच्या आतल्या कपारीत तो वाढला होता. गावात नळ आले तशी विहीर बुजवली. तेव्हा एवढा एकच तिनं ओल्या फडक्यात बांधून आणला होता. ऊन त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"उद्या चौमासा बसतो," पानबाई उठता उठता म्हणाल्या. "आजच ने."

"नेते."

पण तिनं कुंडी लगेच उचलली नाही. आधी एकेक पान माठाखालच्या ओल्या विटांवर वाकवलं आणि बोटानं हळूच टिचकी मारली. तपकिरी धूळ विटांवर बसली, दिसेनाशी झाली. मग ती जिना चढली.

पाऊस लांबला. आठवड्यात नेच्याचा चुरा झाला. धनकुंवरनं कुंडी पालथी घातली आणि खाली येऊन माठ भरला.

हळूहळू विटांवर हिरवं धरलं. शेवाळातही जीव असतात, म्हणून त्या जैन घरात चौमासाभर ती जागा कुणी घासत नसे. हे धनकुंवरला पक्कं ठाऊक होतं. पाणी ओतताना ती रोज थोडं मुद्दाम सांडायची.

कार्तिकी पुनव झाली आणि कामवाली झुंबरबाई काथ्या घेऊन पाणेऱ्याशी, माठाच्या जागेपाशी आली.

"बठ्ठं शेवाय शे, अक्का. घसी टाकू?"

स्वयंपाकघरात धनकुंवरचं लाटणं थांबलं.

"नको." पानबाई हातातली माळ तशीच ठेवून विटांशी बसल्या होत्या. हिरव्यातून इवलीइवली पानं वर आली होती, मुठी मिटलेली.

"चौमासा तं सरना आते!"

"सरू दे. इथं बाळंतपण चाललंय." मग आत न बघता, जरा मोठ्यानं: "बींदणी, निघाली बरं पिलं तुझ्या अंड्यांतून. यांना ऊन सोसत नाही ना?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी खिडकीचं दार ओढून घेतलं.