गेम पर्मनंट आहे का?

मोहिनीचे वडील, यादवकाका, मनमाडला रेल्वेत छत्तीस वर्षं काढून रिटायर झाले आणि नाशिकरोडला फ्लॅट घेऊन राहू लागले. मी मोहिनीला मागणी घालायला गेलो तेव्हा पगार, पत्रिका, घर कुणाच्या नावावर, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी ई-स्पोर्ट्स खेळतो, आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तयारी करतोय, हे ऐकून त्यांनी एकच विचारलं, "गेम पर्मनंट आहे का?"

मी छातीठोकपणे हो म्हणालो. मग एकदा भारताकडून खेळून दाखव, लग्नाचं बोलू, असं ठरलं. मोहिनीला कुणी विचारलं नाही, पण तिने पोहे फक्त मलाच दुसऱ्यांदा वाढले, त्यावरून मी काय ते समजलो.

तेव्हा मी बंदुकांचा गेम खेळायचो. महिन्याभरात स्पर्धेच्या यजमान देशाला त्यातलं रक्त खटकलं. आयोजकांनी आधी रक्त निळं केलं. मग गोळी लागलेला माणूस पडायच्याऐवजी अदबीने खाली बसू लागला. तरी कुणाचं तरी मन दुखावलंच आणि गेम यादीतून गेला. काकांना सांगितलं तर म्हणाले, कंत्राटी होता वाटतं.

दुसऱ्या वर्षी मारामारीचा गेम धरला. तो बनवणाऱ्या कंपनीचं आणि आयोजकांचं बिनसलं. तिसऱ्या वर्षी, निम्म्या जगाकडे कॉम्प्युटर नाही पण मोबाईल आहे, असा शोध लागून मोबाईलवरचा गेम आला. माझा अंगठा तयार होईपर्यंत प्रेक्षक कमी म्हणून तोही गेला. यादी लागली की काका फोन करून माझं सांत्वन करायचे. नंतर नंतर तर यादी माझ्याआधी त्यांच्याकडे असायची.

चौथ्या वर्षी यादीत बुद्धिबळ आलं.

काका फोन न करता थेट सिडकोत आमच्या घरी आले. दीड हजार वर्षं सर्व्हिस झालेला गेम आहे, आता याला कोण काढतंय, असं त्यांनी माझ्या आईला समजावलं. अडचण एवढीच की घोडा कसा चालतो हेही मला माहीत नव्हतं. शिकवायचं काकांनी कबूल केलं. तीन महिने मी रोज संध्याकाळी नाशिकरोडला जाऊन हरत होतो. मोहिनी चहा ठेवताना माझा वजीर कुठे मरणार ते नजरेने दाखवायची. मी तिच्या नजरेकडेच बघत बसायचो, तोवर वजीर गेलेला असायचा.

राज्याची निवड ऑनलाइन होती. वयाची अट नव्हती, म्हणून काकांनीही फॉर्म भरला. पहिल्या फेरीत माझ्यासमोर त्यांचंच नाव आलं. नेट त्यांच्याकडे चांगलं, म्हणून मी त्यांच्या हॉलमध्ये बसलो आणि ते बेडरूममध्ये.

विसाव्या चालीला माझ्याकडे राजा, एक उंट आणि चार प्यादी उरली. त्यांची फौज जवळपास शाबूत होती. आता शेवटचा घाव जास्तीत जास्त देखणा कसा घालता येईल, यावर काका विचार करू लागले. प्रत्येकाला दहा मिनिटं होती. त्यांची संपली. स्क्रीनवर मी विजयी.

काका बाहेर आले. "लेट झाली म्हणून गाडी रद्द करतात का?"



तासाभराने दुसऱ्या फेरीत सुरगाण्याच्या हर्षालीताईंनी मला नऊ चालींत घरी पाठवलं. भारत संपला, त्याबरोबर लग्नही. मी चपला शोधू लागलो.

काका सोफ्यावर फोन धरून बसले होते. ऑनलाइन निकाल बघून मनमाडच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर चौकशी चालू झाली होती, की यादव हरला तो नक्की कुणाकडून, आणि त्याच माणसाला पुढे नऊ चालींत गुंडाळलं हे खरं का. काकांनी दोनदा उत्तर लिहून खोडलं. मग मला बस म्हणाले.

"हा बाहेरचा राहिला तर मी बाहेरच्याकडून हरलो," ते मोहिनीला म्हणाले. "जावई केला तर घरातल्या घरात."

मोहिनीला हे पटायला अर्धा सेकंद लागला.

काकांनी ग्रुपवर लिहिलं, जावयाला पहिला डाव जिंकू द्यायची आमच्यात पद्धत आहे. कुठला जावई, असा लगेच उलट मेसेज आला. मोहिनीने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.