करंट कमी केल्यावर

डॉक्टरांनी मोबाइलएवढं यंत्र मुखरूच्या छातीवर, कातडीखालच्या बॅटरीपाशी धरलं आणि पडद्यावरचे आकडे पाहिले. मुखरूचे दोन्ही हात मांडीवर निवांत पडले होते. मेंदूत तार बसवण्याच्या ऑपरेशनच्या आधी याच हातांना चहाचा कप धरवत नव्हता.

"कंप गेला. बाकी काही बदल?"

"लय," मुलगा रोशन म्हणाला. "बाबा आंधी बैल घ्याचा तं सहा महिने इचार करे. आता कोनाले न इचारता तीन बकऱ्या आनल्या. मोटरसायकल तं भरधाव नेऊन धानाच्या बांधीत घातली."

मुखरू हसला. "पडलो तं पडलो."

डॉक्टर हसले नाहीत. "तार मेंदूत खोलवर आहे, पण तिचा परिणाम कपाळामागच्या भागापर्यंत जातो. 'थांब, विचार कर' असं सांगणारा भाग तो. करंट जास्त झाला की तो सैल पडतो. थोडा कमी करू. हात कदाचित किंचित हलेल. मावशी, चालेल ना?"

मुखरूच्या बायकोनं, धुरपतानं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. लेक खुशबूनं जातीबाहेर लग्न केल्यापासून तिचं नाव घरात काढायचं नाही, असं मुखरूनंच बजावलं होतं. आणि मागच्या महिन्यात जेवता जेवता उठून त्यानंच तिला फोन लावला होता, "पोरी, घरी ये." रविवारी ती येणार होती.

"रविवारनंतर केलं तं नाई चालन का?"

"काऊन?" रोशननं विचारलं.

ती नवऱ्याच्या गुडघ्याकडे पाहत राहिली. पडल्यावर घातलेले टाके अजून ओले होते.

"करा," ती डॉक्टरांना म्हणाली.

नागपूरहून परतताना मुखरू एसटीत खिडकीशी बसला. त्याचा उजवा अंगठा बारीक हलत होता. नागभीड गेलं, ब्रह्मपुरी गेली. शेजारी बसलेली धुरपता त्या अंगठ्याकडे पाहत होती. रोशन मागच्या सीटवर झोपला होता.

वैनगंगेचा पूल लागला तेव्हा मुखरू म्हणाला, "खुशबू रविवारी येनार हाये न?"

"हो," ती चटकन म्हणाली. "तुमीच बलावलं तिले."

"मालूम हाये मले."

आरमोरीला माणसं उतरली, चढली, गाडी सुटली. धुरपता समोरच्या दांडीला धरून बसली होती.

"एकटीलेच कसं बलावलं मी," तो अगदी सावकाश म्हणाला. "जावयाले या म्हनाचं राहूनच गेलं. फोन लाव."