गल्लीतल्या दारूकामाचा परवाना

टोपवालीची गल्ली इतकी अरुंद होती की समोरासमोरच्या बायका खिडकीतूनच एकमेकींना कात्री-सुई द्यायच्या. त्या गल्लीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराच्या खोलीत ती केसांचे टोप बनवायची. पूर्वी नाटकवाल्यांसाठी, अलीकडे जास्त करून आजारपणात केस गेलेल्यांसाठी. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची आणि बारीक आकड्याने एकेक केस गाठ मारून तिच्यात ओवायचा. कोणी घाई केली की म्हणायची, "डोक्यावर एवढे केस वाढायला वर्षं लागतात, मला दोन महिने तरी द्या."

नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. होता तो एक धाकटा दीर. सासू वारली तेव्हा तो शाळेत जात होता. हिनेच त्याचं दुखलंखुपलं पाहिलं, शिकवलं, मार्गी लावलं. आता तो पालिकेच्या परवाना खात्यात साहेब होता. लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, तरी रविवारचं जेवण वहिनीकडेच. जिन्यातूनच ओरडायचा, "वहिनी, भूक!"

नदीवरचा नवा पूल खुला व्हायचा होता आणि पालिकेला त्या संध्याकाळी शोभेचं दारूकाम हवं होतं. मैदानात चिखल झालेला, म्हणून ठेकेदाराने पुलाकडे जाणारी हीच गल्ली मागितली. परवान्यावर सही झाली ती दिराची.

त्या संध्याकाळी सगळी गल्ली खाली उतरली होती. दीर वहिनीच्या शेजारीच उभा होता. पहिला बाण वर जाऊन फुटला तसा तो म्हणाला, "बघा वहिनी, तुमच्यासाठी आकाश दारात आणलंय!" ती हसली. पुढचा एक बाण मात्र सरळ गेलाच नाही. समोरच्या भिंतीवर आपटला, वळला आणि तिच्या छपराच्या उघड्या झरोक्यातून आत शिरला.

केसांना पेट घ्यायला वेळ लागत नाही. ती जिना चढून वर पोचली तेव्हा खोली आतून लाल झाली होती. टेबलावरचं लाकडी डोकं ओढायला तिने दोन्ही हात आत घातले. दिराने तिला मागे खेचलं म्हणून ती वाचली. गर्दी आणि अडथळे यांच्यामुळे बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. तो आत येईपर्यंत छप्पर खाली बसलं होतं.

त्या डोक्यावर शाळेच्या एका बाईंचा टोप अर्धा झाला होता. उपचार सुरू व्हायच्या आधी बाईंनी आपली कमरेपर्यंतची वेणी स्वतःच कापून आणली होती. म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याचे नकोत. माझेच मला परत द्या."

हातांना पट्ट्या बांधलेल्या असतानाच टोपवाली त्यांच्या घरी गेली. काय सांगायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण ते सांगावं लागलंच नाही. बाईंच्या डोक्याला रुमाल होता. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"म्हणजे माझे केस दोनदा गेले म्हणायचे," त्या म्हणाल्या.

"मी दुसरे आणते, बाई. तसेच, त्याच रंगाचे."

"नको हो. आधी तुमचे हात बरे होऊ देत."

ठेकेदार दुकानाला कुलूप लावून परागंदा झाला. टोपवालीने पालिकेवर दावा लावला. पालिकेच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. परवाना देणं हे पालिकेचं काम. बाण उडवला ठेकेदाराने, चूक असेल तर त्याची. शिवाय सही करणाऱ्याला गल्ली किती अरुंद आहे याची कल्पना नव्हती.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी दीर तिच्या भाड्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत आला. न ओरडता आला. ताटावर बसून नुसताच घास चिवडत राहिला.

"वरचे साहेब म्हणतायत, नुसता नकाशा बघून सही केली, गल्ली एवढी अरुंद आहे हे माहीत नव्हतं, असं सांग."

"आणि ते सांगितलं तर?"

"पालिका सुटते. माझी नोकरी राहते." त्याने वर पाहिलं. "वहिनी, तुम्ही सांगाल ते करतो."

"मी नाही सांगणार, भाऊजी. लहान होतात तेव्हा सांगत होते. आता नाही." तिने त्याच्या ताटात आणखी वाढलं, आणि त्याने ते मुकाट्याने संपवलं.

कोर्टात शाळेच्या बाई साक्षीला येणार होत्या, पण त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. पालिकेच्या वकिलाने दिराला विचारलं, "सही करताना आपण केवळ नकाशा पाहिलात, बरोबर?"

दिराने एकदा वहिनीकडे पाहिलं.

"नकाशा मी उघडलाच नाही," तो म्हणाला. "त्याची गरज नव्हती. मी त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालो. तिथे दोन माणसं छत्र्या उघडून शेजारून जाऊ शकत नाहीत, हे मला माहीत होतं. वरून घाई होती आणि मला वाटलं, काही होणार नाही. आमच्या गल्लीत आकाशात फुलं फुटतील, याचा मला आनंदच झाला होता."

निकाल टोपवालीच्या बाजूने लागला. न्यायाधीशबाईंनी म्हटलं, मोकळ्या मैदानाचा परवाना असता तर चूक उडवणाऱ्याची ठरली असती; पण असल्या गल्लीत कितीही सांभाळून उडवलं तरी धोका होताच, आणि ज्याने जाणूनबुजून रस्ता त्यासाठी दिला, त्याला हात झटकता येणार नाहीत. छपराची, सामानाची भरपाई पालिकेने द्यायची. बाईंच्या वेणीला मात्र बाजारात भाव नसतो, म्हणून तिच्याबद्दल कोर्टाला काही ठरवता आलं नाही. तसंही, निकालाच्या आदल्या आठवड्यात बाई गेल्या होत्या. शेवटपर्यंत त्यांच्या डोक्याला तो रुमालच होता.

दिराची बदली शहराबाहेरच्या गोदामात झाली. रविवार येत राहिले, तो आला नाही. टोपवाली दोघांचा स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी झाकून ठेवायची.

मग एका रविवारी तीच त्याच्या घरी गेली. जावेने दार उघडलं, आत घेतलं, चहा टाकला. दीर बाहेर येऊन समोर बसला. बराच वाळला होता.

"तुमच्यावर राग नाही, एवढं सांगायला निघाले होते," ती म्हणाली. "बसमध्ये शंभरदा घोकलं. आता तुम्हाला बघितलं आणि कळलं, राग आहे. तुम्ही खरं बोललात, तरी आहे. त्या बाईंचा चेहरा जात नाही हो डोळ्यांपुढून."

"माझ्याही," तो म्हणाला. "मी तर त्यांना कधी पाहिलंही नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाकड्या झालेल्या बोटांनी तिला पदर नीट धरता येईना. तो उठला, तिच्या हातातला कप काढून घेतला आणि तिच्या शेजारी बसला. जाऊ दारातच उभी राहिली, आत येऊ की नको अशी.

निघताना तो बसथांब्यापर्यंत सोबत आला. गाड्यांच्या बाजूने तो स्वतः चालला, तिला आतल्या अंगाला ठेवून. बस आल्यावर म्हणाला, "सावकाश चढा." ती चढली. खिडकीतून त्याच्याकडे पाहून तिने मान हलवली. येत्या रविवारी या, असं म्हणायचं होतं. ते तिला त्या दिवशी जमलं नाही.