क्रमांक नसलेले एकतीस अहवाल

मी एक जुना लॅपटॉप आहे. वाळवंटातल्या अद्रार गावाजवळच्या एका लहानशा खजूर संशोधन केंद्रात, मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर माझा मुक्काम आहे. माझी बॅटरी फुगली आहे, चार कळांवरची अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत. माझ्या पोटात दोन हजार चारशे अठरा शोधनिबंधांचा संग्रह आहे. आता तो कोणी उघडत नाही. पण मित्रांनो, तो कसा जमला ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

मी आलो तेव्हा त्या खोलीत दोन माणसे बसत. झुलीखा आणि तिचा धाकटा सहकारी तौफीक. दोघे बायूदवर काम करत. बायूद हा खजुराचा रोग. एक झावळी पांढरी पडते, मग दुसरी, आणि वर्षा-दोन वर्षांत आजोबांनी लावलेले झाड उभ्या उभ्या मरते. या रोगावर जगात कोणी काय लिहिले ते शोधायचे आणि माझ्यातल्या संदर्भसंग्रहात भरायचे, हे त्यांचे रोजचे काम. बहुतेक निबंधांना ओळखक्रमांक असतो. तो टाकला की लेखक, साल, नियतकालिक, पाने, सारे रकाने आपोआप भरतात. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

"आज माझे सात झाले, लल्ला," तौफीक म्हणे. तो तिला मानाने लल्ला म्हणत असे.

"त्यातले दोन आधीच होते. दुबार भरून आकडा फुगवू नकोस," झुलीखा म्हणे, आणि चहाचा दुसरा पेला त्याच्यापुढे सरकवी.

मग तौफीकला फ्रान्समध्ये जागा मिळाली आणि तो गेला. आमचा संग्रह मात्र दोघांचा सामाईक राहिला. तिकडे त्याने निबंध भरला की इकडे माझ्या पडद्यावर एक नवी ओळ उगवे. नोंदीच्या रकान्यात तो लिही, "लल्ला, चौथं पान वाचा, पण चहा घेऊन बसा. डोकं दुखेल." झुलीखा माझ्यासमोर एकटीच भाकरी खात असे, तेव्हा ते वाचून हसे. हळूहळू नोंदी बंद झाल्या, नुसते निबंध येऊ लागले. मग तेही थांबले. ती रोज सकाळी मला उघडून आधी त्याच ओळी बघे. नवे काही नसे. माझा पंखा उगाच घरघरत राही.

दर गुरुवारी एक पाहुणे येत. उस्ताद बूजमा हमदी, त्या दोघांचे गुरू. निवृत्त झालेले, डोळ्यांनी अधू. टाइप केलेल्या अहवालांची एक पत्र्याची पेटी त्यांनी तौफीक इथे असतानाच केंद्राला दिली होती. एकूण एकतीस अहवाल. एका बागेतली सगळी झाडे बायूदने मेली, पण एका जातीचे एक झाड तेवढे तगले, आणि उस्तादांनी अकरा वर्षे त्याची मोजदाद ठेवली, ते सारे त्यात होते.

"संग्रहात भरते, उस्ताद," झुलीखाने सांगितले होते. पण त्या अहवालांना ओळखक्रमांक नव्हता. प्रत्येक रकाना हाताने भरायला हवा होता. आज भरू, उद्या भरू, असे करता करता दोन वर्षे गेली. पेटी टेबलाखाली होती. मी ती रोज पाहत होतो. पण मला कुठे हात होते?

एका सकाळी तौफीकने स्वतः लिहिलेला निबंध छापून आला. झुलीखाने क्रमांक टाकला, क्षणात सारे रकाने भरले. ती वाचू लागली आणि दुसऱ्या पानावर थांबली. बायूदपुढे तगणाऱ्या त्याच झाडाची 'पहिलीच नोंद' असे तिथे लिहिले होते.

गुरुवारी उस्तादांनी विचारले, "तौफीकचं काही आलं का?"

तिने लपवले नाही. त्यांना सगळे वाचून दाखवले.

"पहिलीच म्हणतो?" उस्ताद म्हणाले.

"हो."

"झाड तेच आहे ना?"

"तेच आहे."

"मग अजून जिवंत आहे म्हणायचं," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

झुलीखाने माझ्यावरूनच तौफीकला फोन लावला. त्याचा चेहरा वर्षाने दिसत होता.

"तू त्या पेटीवर बसून चहा प्यायचास," ती म्हणाली. "तुला आठवलं नाही?"

"मी संग्रहात शोधलं, लल्ला. तीनदा शोधलं. तिथं नव्हतं." मग तो हळू आवाजात म्हणाला, "आठवायला हवं होतं. मी दुरुस्ती छापायला लावतो. पण मला साल हवं, पानं हवीत. ती तुमच्याकडेच आहेत."

चूक दोघांची होती आणि तिच्या वाट्याची चूक टेबलाखाली पडून होती.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. उस्ताद रोज येऊन शेजारी बसत. त्यांचे नाव अहवालांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले होते, म्हणून मी त्यांना तीन वेगळी माणसे समजलो. तिने ती तिन्ही एक केली.

"नववा अहवाल, ब्याऐंशी साल," ती वाची.

"ब्याऐंशी नाही. त्या साली वाळूनं बाग गाडली होती, मोजणी झालीच नाही. त्र्याऐंशी कर."

एकोणीस दिवसांत एकतीस अहवाल भरून झाले. त्या दिवसांत खोलीत बोलणे होते, कधी हसूही होते. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

शेवटच्या दिवशी उस्ताद म्हणाले, "एक राहिलं. मोजलं मी, पण झाड जगवलं ते बागेत राबणाऱ्या मबार्कानं. पाण्याची पाळी चुकली की ती डोक्यावरून पाणी आणून घालायची. मी एकाही अहवालात तिचं नाव घातलं नाही."

झुलीखाने रकाने पाहिले. लेखक, संपादक, अनुवादक. पाणी घालणाऱ्या बाईसाठी माझ्यात रकानाच नव्हता. तिने नोंदीत लिहिले, 'झाड मबार्का यांनी जगवले,' आणि ती नोंद एकतीसही ठिकाणी टाकली.

तौफीकने शब्द पाळला. आठ महिन्यांनी दुरुस्ती छापून आली, फक्त दोन ओळींची. उस्तादांनी ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "माझ्या नावाची चौथी तऱ्हा काढली या लोकांनी." पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

मग नवा लॅपटॉप आला. संग्रह त्याच्यात उतरवून घेण्याआधी झुलीखाने ती नोंद पुन्हा उघडली. मबार्काचे आडनाव काय, गाव कोणते, हे विचारायचे राहून गेले होते. ती बराच वेळ बोटे कळांवर ठेवून बसली. मग तिने संग्रह उतरवून घेतला, माझे झाकण पुसले आणि मिटले.

मित्रांनो, क्रमांक असलेली नावे आपोआप सापडतात. ज्यांना क्रमांक नाही, त्यांची नावे माणसांनाच लिहावी लागतात. ती विचारून घ्या. सांगणारे माणूस समोर बसलेले आहे, तोवर विचारून घ्या.