कूस बदलायला बंदी

माझ्या पोटात कापूस आहे म्हणून मी मऊ स्वभावाची असेन, असं समजू नका, मित्रांनो. मी एक जुनी, लांबलचक उशी आहे. बारा वर्षं झाली, तरी माझा राग उतरलेला नाही.

मला शिवलं एका पडदे शिवणाऱ्या बाईनं. एका मोठ्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. जिनं शिवलं तिला मी आईच म्हणते. तिला सहावा महिना लागला होता आणि पाठ धरायला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं पडद्यांचे उरलेले तुकडे जोडून माझी खोळ केली. एक तुकडा निळा, दोन पट्ट्यापट्ट्यांचे. घरी फाटक्या गादीतला कापूस उसवून, हातानं पिंजून, तिनं माझ्यात भरला. मी तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत यायची. ती डाव्या कुशीवर निजायची, मला गुडघ्यांमध्ये घ्यायची आणि दोन मिनिटांत घोरायला लागायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणायचा, "मला बाजूला सारून हिला जवळ केलंस की!" ती हसायची. दिवसा ती मला दुमडून कामावर न्यायची आणि पाठीमागे टेकू म्हणून ठेवायची. शेजारच्या मशीनवरच्या बायका मला चाचपून बघायच्या, "आम्हालाही एक शिवून दे" म्हणायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते. अडीच महिने टिकले.

मग तपासणीत कळलं की बाळ पायाळू आहे. म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. डॉक्टर म्हणाल्या, "अजून वेळ आहे, फिरेल कदाचित. नाही फिरलं तर बघू आपण." एवढंच. पण बाळंतपणासाठी म्हणून नवऱ्याची थोरली बहीण त्याच दिवशी घरी राहायला आली. ती एका शाळेच्या ऑफिसात होती आणि घरातही ऑफिससारखीच वागायची, म्हणून भाऊ तिला चेष्टेनं हेडबाई म्हणायचा. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधीच निकाल दिला.

"तू झोपतेस कशी, ते सांग आधी."

"डाव्या कुशीवर, वन्सं."

"सगळा वेळ?"

"झोपेत कूस बदलत असेन. कळतं थोडंच?"

"तेच! तू लोळतेस आणि पोर आत उलटं बसतं. आता हलायचं नाही."

आणि मित्रांनो, त्या बाईनं काय केलं असेल? तिनं मला आईच्या पाठीला लावलं आणि चार सेफ्टी पिना घेऊन तिच्या गाऊनला टाचून टाकलं. आई जरा वळली की कापड ताणलं जायचं, एखादी पीन उघडायची आणि तिच्या पाठीत घुसायची. मी आधार द्यायला जन्मले होते, मला पहारेकरी केलं! माझ्या खोळीवर तिच्या रक्ताचे ठिपके पडले. मला हात असते, तर एकेक पीन उपटून फेकली असती.

आणि नवरा? बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तो धीर देऊन बाहेर काढायचा. घरात मात्र त्याची वाचा बसायची. "ताई म्हणतेय तर बघू थोडे दिवस," एवढं बोलून तो पाठ फिरवून झोपायचा. त्याला कूस बदलायची मुभा होती.

आई झोपेनाशी झाली. बाळाला आपल्यामुळे काही होईल या धास्तीनं ती टक्क जागी पडून राहायची. डोळ्यांखाली काळं आलं. आणि एके दुपारी मशीनवरच तिचा डोळा लागला. सुई थेट बोटाच्या नखातून आरपार गेली. मी तिच्या पाठीशी होते. ती किंचाळली, तो आवाज माझ्या कापसात अजून आहे.

कारखान्याच्या मुकादमीण बाईंनी तिला दवाखान्यात नेलं. मलाही बरोबर घेतलं, कारण तिला धड बसवत नव्हतं. पट्टी बांधणाऱ्या सिस्टरनं विचारलं, "झोप होते का तुझी?" एवढ्याशा प्रश्नानं आईला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं. सिस्टरनं पाठ पाहिली. मग तिनं नवऱ्याला आणि हेडबाईंना बोलावून घेतलं.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला?" सिस्टरचा आवाज चढला. "कुशीवर झोपायला आम्हीही सांगतो. ते बाळाला रक्त नीट पोचावं म्हणून. जाग आली आणि उताणी असली, तर परत कुशीवर व्हायचं, संपलं! झोपायच्या पद्धतीमुळे बाळ फिरतं की नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनाही नाही. आणि तुम्ही हिला पिना लावता?"

हेडबाई भिंतीकडे बघत राहिली. नवऱ्यानं खाली वाकून, रात्रीसाठी माझ्या खोळीतच अडकवून ठेवलेल्या पिना काढल्या. एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. पण पंधरा दिवस उशीर झाला होता.

पुढे डॉक्टरांनी पोटावरून हातांनी बाळ फिरवायचा प्रयत्न केला. ते फिरलं नाही. शेवटी ऑपरेशन करून मुलगी झाली. खणखणीत आवाजाची, पायांकडून आलेली आणि अगदी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी येऊन म्हणाल्या, "तुझ्या गर्भाशयात जन्मापासूनच मध्ये एक पडदा आहे. आत जागाच अपुरी होती. तू कशीही झोपली असतीस, तरी ही फिरणं अवघडच होतं."

आई पडदे शिवणारी. तिला हसू आलं, मग टाके दुखले. मग ती नणंदेकडे वळली. "वन्सं, ऐकलंत?"

मला वाटलं, आता हेडबाई माफी मागेल. नाहीतर नाक मुरडेल. ती स्टुलावर बसली आणि बोलायला लागली.

"मला कुणी असं सांगितलं नाही गं. माझाही पायाळूच होता. सतरा वर्षं झाली. बाहेर येतानाच गेला. सासूबाई म्हणाल्या, लोळून लोळून मारलंस त्याला. तेव्हापासून मी भिंतीला पाठ लावून झोपते. अजूनही."

आईनं कुशीतलं बाळ सावरलं. मग म्हणाली, "तुमची चूक नव्हती, वन्सं. पण माझ्या पाठीत पिना तुम्ही टोचल्यात. ते मी विसरणार नाही." मग तिनं पाठीखालून मला ओढून पुढे केलं. "ही घेऊन जा. घरी जाऊन हव्या त्या कुशीवर झोपा."

अशी मी हेडबाईकडे आले. मला यायचं नव्हतं. पहिल्या दुपारी ती पलंगाच्या मधोमध आडवी झाली, भिंतीपासून हातभर लांब. मला कवटाळून आधी डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग चक्क पालथी झाली आणि दिवस मावळेपर्यंत झोपली. माझी खोळ भिजली होती.

आता माझा कापूस गोळे गोळे झाला आहे आणि शिवण दोन जागी उसवली आहे. मला ऊन दाखवा असं मी कुणाला म्हणणार नाही. माझा राग आता हेडबाईवर नाही. कसलीही माहिती नसताना एका बाईनं दुसरीच्या माथी मारलेल्या त्या एका वाक्यावर आहे. ते वाक्य एका घरातून दुसऱ्या घरात जातं आणि दोन बायकांची झोप खाऊन तिसरीकडे निघतं. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला बाळ होणार असेल, तर तिला "कशी झोपलीस?" असा जाब विचारू नका. "झोप लागली का?" असं विचारा. आणि नसेल लागली, तर तिच्या वाटणीची भांडी घासायला उठा.