अठ्ठ्यांची जोडी

बाबांसमोर दोन अठ्ठ्या उघड्या पडल्या होत्या आणि बाबा डाव सोडून पुन्हा पाणी प्यायला उठले होते.

"बसा नं एका जागी. काहून फिरून राहिले?" सासूबाई ओरडल्या.

रागावून नव्हे. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात. पुढच्या खोलीत बाबांचा पॉवरलूमचा माग, दिवसभर खडखड चालू, मग हळू बोलणाऱ्याला विचारतो कोण? लग्न होऊन कामठीला आले तेव्हा मला वाटलं होतं, काय बाई भांडखोर माणसं पदरात पडली! आता मीही तशीच ओरडते.

पोळ्याच्या दुपारी माग बंद ठेवून आमच्याकडे पत्ते खेळतात. चिंचोक्यांवर. तीन पानं वाटायची, दोन उघडी, एक झाकलेलं. समोरच्याचं काय आहे ते दिसतं आणि काय नाही ते दिसत नाही, म्हणून जीव टांगणीला. बाबा, म्हणजे माझे सासरे मनोहरराव, या खेळात प्रसिद्ध होते ते पॅक करण्यासाठी. एक्क्यांची जोडी आली तर खेळणार. सत्त्या, अठ्ठ्या आल्या, आणि समोर कुणी जोर दाखवला, की पानं पालथी. आयुष्यभर तसेच. बरोबरीच्या माणसांनी चार चार माग टाकले, बाबा एका मागावर थांबले.

या पोळ्याला मात्र चादरीवर चिंचोक्यांच्या शेजारी धोटा पडला होता, मागावर आडवा धागा घेऊन धावणारा तो गुळगुळीत लाकडी तुकडा. बाबांनी स्वतः आणून ठेवला होता. कारण माझ्या नवऱ्याने, पियुषने, हसत हसत म्हटलं होतं की या डावात तुम्ही जिंकलात तर माग राहील, मी जिंकलो तर उद्या सकाळी भंगारवाला. भंगारवाल्याला त्याने सांगूनच ठेवलं होतं. महिनाभर बाबा धड हो म्हणत नव्हते, धड नाही म्हणत नव्हते.

आणि मागाची ती खोली रिकामी कोणासाठी हवी होती? माझ्यासाठी. शहरात, सदर भागातल्या पार्लरमध्ये मी दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभी राहून पाय सुजवत होते. मला माझं पार्लर हवं होतं. आरसा कुठे, बेसिन कुठे, सगळं मनात लावून झालं होतं.

पियुषसमोर बदामचा राजा आणि बदामची राणी. झाकलेलं पान एक्का किंवा गुलाम असेल तर बाबा गेले. आणखी एक राजा किंवा राणी, तरी गेले. नुसतं कुठलंही बदाम असेल, तरी गेले. अठ्ठ्यांनी करावं तरी काय? पण पियुषच्या मागे बसून मी ज्वारीच्या लाह्या निवडत होते, आणि त्याने पानाचा कोपरा उचलून मला दाखवला होता. किलवरची तिर्री. फुकटचा रुबाब!

बाबा येऊन बसले, उठले, मागाच्या खोलीत डोकावले, परत आले. कपाळ पुसलं. पान उचलून पाहिलं, ठेवलं, पुन्हा पाहिलं.

"पॅक करा नं बाबा, नेहमीसारखं," पियुष म्हणाला.

"थांब गा." मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मेघा, तू काय म्हणते वं?"

मला सगळं माहीत होतं, आणि खोलीही मलाच हवी होती. मी लाह्यांत बोटं फिरवत म्हटलं, "मी काय सांगू बाबा? तुमचा डाव तुम्ही पहा."

त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उरलेले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे सारले.

"दाखव."

पियुषने तिर्री टाकली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बाबांनी धोटा उचलला आणि मागाच्या खोलीत गेले. पियुष दिलेला शब्द पाळणारा, त्याने भंगारवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. माझा असा तिळपापड झाला म्हणता! जन्मभर पॅक करणाऱ्या माणसाला आजच हिंमत सुचली?

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माग सुरू. त्यानंतरही तेच. मी चहाचा कप आदळून ठेवायची, पण त्या खडखडीत आदळणंही कोणाला ऐकू जाईना. मग एका दुपारी माग मध्येच थांबला. घर एकदम गप्प झालं. मी धावत गेले, म्हाताऱ्याला काही झालं की काय!

बाबा कात्रीने शेवटचं कापड उतरवून घेत होते. मागावर एकही उभा धागा उरला नव्हता.

"ताणा सरला," ते म्हणाले. "आता पियुषले सांग, बोलाव म्हणा भंगारवाल्याले."

"मंग डाव काहून खेळले बाबा?"

"चढवलेला ताणा अर्ध्यात कापत नाही वं आपल्यात. हा सरू दे, असं दोनदा म्हटलं त्याले. त्याले वाटलं, म्हातारा टाळून राहिला." त्यांनी घडी माझ्या हातात दिली. "पडदा कर याचा. पार्लरले लागते नं."

मला रडूच आलं. चार दिवस मागितले होते त्या माणसाने, फक्त चार दिवस, आणि त्यासाठी त्यांना जन्माचा स्वभाव मोडावा लागला.

आता त्या खोलीत माझं पार्लर आहे. पडदा तोच. सुरुवातीला बाबा आतून "मेघा, चहा!" असे ओरडायचे आणि खुर्चीतल्या बाया दचकायच्या. एकीने हसून विचारलंही, म्हातारे कोणावर रागावले? ते त्यांनी ऐकलं असावं.

परवा एका नवरीचे केस करता करता पडद्याखाली मला त्यांचे पाय दिसले. कोण जाणे कधीचे उभे होते. मी पडदा सारला. हातात रिकामा कप.

"बाबा, हाक मारायची नं."

"मारली होती," ते हळूच म्हणाले.