सिग्नल समोरून कसा दिसायचा

"कान अजून मोठे," पॉइंट्समनची बायको म्हणाली, आणि पेंटरने निमूटपणे कान तिसऱ्यांदा पुसले.

वेटिंग रूममधलं बाक भिंतीला लावून त्यावर भली मोठी फळी उभी केली होती. पेंटर मुळात अक्षरांचा माणूस. 'रूळ ओलांडू नये' ही पाटी तो एका दमात रंगवायचा, पण माणसाचं तोंड त्याने आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. स्टेशनात लावायच्या या स्मारकचित्रासाठी रेल्वेने त्यालाच पकडलं, कारण त्याच्याकडे रंग आधीच होते.

तिचा नवरा या स्टेशनात गाड्यांसाठी रूळ बदलायचा. उंच, काटकुळा, एक हात कायम वर. म्हणून सगळे त्याला सिग्नल म्हणत. युद्ध पेटलं तेव्हा रेल्वेची माणसं आघाडीवर मागवली, त्यात तोही गेला. तिथेही तो रूळच बदलत होता. दारूगोळ्याची गाडी त्याने नीट वळवली आणि वरून बॉम्ब पडला. घरी आलं ते फक्त एक पत्र. त्याचा एकुलता एक धड फोटो पासवर चिकटवलेला होता, तो त्याच्याबरोबरच गेला. लग्नाच्या फोटोत त्याने ऐन वेळी मान वळवली होती, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. आता फळीवर उमटेल तोच त्याचा चेहरा. तो चुकला तर जन्मभर परक्या माणसाकडे बघत बसावं लागेल, या धास्तीने ती सकाळपासून पेंटरच्या मानगुटीवर बसली होती.

मदतीला अख्खं स्टेशन लोटलं.

"मी त्याला बारा वर्षं पाहिलाय," इंजिन ड्रायव्हर छाती पुढे काढून म्हणाला. "डोक्याच्या मधोमध टक्कल होतं. एवढं."

"आणि तोंड?" पेंटरने विचारलं.

"तोंडाचं मला काय विचारता? मी वरून बघायचो!"

गेटमनने त्याला फक्त पाठमोरा पाहिला होता. डावा खांदा खाली, यावर तो पैजेला तयार होता. स्टेशनमास्तर वर्षानुवर्षं आपल्या खिडकीतून त्याची एकच बाजू बघत आले होते.

"नाक सरळ," ते म्हणाले. "निदान माझ्या बाजूने तरी."

पेंटरने सगळ्यांचं ऐकलं. त्यातून जे उभं राहिलं ते पाहून गेटमन ओरडला, "अहो, हे तर आपले मास्तर!"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना चित्र एकदम पसंत पडलं.

"पुसा," ती म्हणाली, आणि तिने सगळ्यांना बाहेर काढलं. मास्तर तेवढे हलले नाहीत. वेटिंग रूम त्यांची होती.

मग ती एकटीच सांगत गेली. कपाळावरच्या आठ्या दोन आणि एक अर्धी. हनुवटीवर वस्तऱ्याची जुनी खूण. उजव्या भुवईत एक केस उलटा, कितीही दाबा, बसायचा नाही. पेंटरचा हात आपोआप चालू लागला. फळीवर हळूहळू तो यायला लागला, तशी ती बाकाजवळ सरकली.

"डोळे?" पेंटरने विचारलं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मोठे? बारीक? घारे?"

बारा वर्षं त्याची रात्रपाळी. सकाळी आला की जेवून आडवा. संध्याकाळी उठला की बूट शोधा, कंदील शोधा, आणि दाराबाहेर पाठ. संसाराची सगळी बोलणी त्याने पापण्या मिटून केली. भांडणातही "तू बोल, मी ऐकतोय" म्हणायचा आणि घोरायला लागायचा. शेजारी भाजी निवडत तिने तो चेहरा तासन् तास पाहिला होता. डोळे तेवढे तिला आठवत नव्हते. तिला रडू फुटलं. मास्तर घाईघाईने वेळापत्रक वाचू लागले.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"मिटलेलेच काढा."

मास्तर उडालेच. "झोपलेला पॉइंट्समन? इथे? वहिनी, परवा मोठे साहेब पडदा बाजूला करणार! अहो, ड्यूटीवर झोपलेल्या माणसाला आम्ही बडतर्फ करतो!"

"करा की," ती म्हणाली. "म्हणजे घरी तरी पाठवाल."

मास्तरांनी टोपी काढली, आत काही लिहिलंय का असं पाहिलं, परत घातली. मग पेंटरकडे वळले.

"गणवेश पुसून टाक. बिल्लासुद्धा. घरचा सदरा घाल त्याला."

पेंटरने फडकं उचललं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"गणवेश नाही म्हणजे ड्यूटी नाही," मास्तर हुकूम वाचल्यासारखे म्हणाले. "आणि ड्यूटी नसलेल्या माणसाने कधी झोपावं याबद्दल रेल्वेचा काही नियम नाही. साहेबांना मी सांगेन."

पेंटरने बारीक ब्रश घेतला आणि पापणी रंगवायला सुरुवात केली. बाहेर ड्रायव्हरने लांबलचक शिट्टी दिली, तशी ती झटकन उठली आणि खिडकी लावून आली.